काष्टीचा पेटारा आणि दाराआडचा आवाज

माझी नात हे सदर मला दर महिन्याला वाचून दाखवते. पांढऱ्या लुगड्यातल्या बायका, उलटी पावलं, घाटात गाडीला हात करणारी मुलगी... मी सुपारी कातरत ऐकते आणि म्हणते, "बरं, पुढचं वाच." असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही फारसा नाही. याचं कारण शिक्षण वगैरे नव्हे. माझे वडील श्रीगोंद्याचे सोनार. आमच्या दुकानात लोक देव घडवून घ्यायला यायचे, तसे झिजलेले देव मोडायलाही यायचे. खंडोबा असो की भवानी, मुशीत घातल्यावर सगळ्यांचं सारखंच पाणी होतं, हे मी परकर नेसायच्या वयापासून बघत आले. जिने देव वितळताना बघितले तिला भुतांचं काय कौतुक?

तरी एक गोष्ट माझ्याच घरात घडली. सकाळच्या दहाच्या लख्ख उन्हात घडली आणि तिच्यात घाबरण्यासारखं काहीही नाही. तेव्हा ज्यांना घाबरायची हौस असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. नात मागेच लागली म्हणून लिहितेय, नाहीतर ही गोष्ट आमच्या घराबाहेर कधी गेली नव्हती.

लढाईचे दिवस होते. बेचाळीस उलटून गेलं होतं. साखर-रॉकेल रेशनवर, आणि नगरच्या छावणीत गोऱ्या सोल्जरांची ही गर्दी. आम्ही माळीवाड्यात, वेशीपासून जरा आत, एका बोळात भाड्याने राहत होतो. घर कसं होतं ते नीट सांगते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. पुढे एक खोली — बैठकीची. तिच्या मागे स्वयंपाकघर. दोन्हींच्या मध्ये एक दार. स्वयंपाकघराचं दुसरं दार परसात उघडायचं, आणि त्या दाराला लागूनच न्हाणीचा दगड. स्वयंपाकघरात शिरायचं तर या दोनच वाटा. खिडकी होती, पण तिच्यातून मांजरसुद्धा अंग चोरून यायचं.

मला बिजवराला दिली होती. माझे यजमान शाळेत ड्रॉइंग मास्तर. त्यांचं नाव घ्यायची आम्हांला सवय नाही, म्हणून "हे"च म्हणते. यांची पहिली बायको तापाने गेली, मागे एक मुलगी ठेवून. बायकोचं नाव सरस्वती, माहेर काष्टीचं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण मी तिला "थोरल्या बाई" म्हणायची. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या मुलीच्या गळ्यात पहिलीच्या नावाचा टाक घालतात... चांदीचा छोटासा पत्रा, त्यावर बाईची आकृती ठोकलेली. सवतीचा टाक म्हणतात त्याला. नवं लुगडं आलं तर नेसायच्या आधी त्याला लावायचं, हळदकुंकू आधी त्याला, मग आपल्याला. माझा टाक माझ्या वडिलांनीच घडवला. लेकीसाठी असला दागिना घडवताना त्यांच्या डोळ्यांना पाणी होतं, आणि मी वेंधळी त्यांना विचारत होते, "दादा, कान जरा मोठे नाही का झाले हिचे?"

मुलीचं नाव इंदू. सहा-सात वर्षांची. सावत्र आईच्या गोष्टी सगळ्यांनी ऐकलेल्या असतात, पण सावत्र आईला काय होतं ते कोणी सांगत नाही. मला ती पोर पहिल्याच दिवशी आवडली. जेवताना वरणातली मिरची शोधून बाहेर काढायची आणि ताटाच्या कडेला सैनिकांसारखी उभी करायची. त्रास काही द्यायची नाही. माझ्या हातचं जेवायची, मी वेणी घालताना गप्प बसायची, रात्री माझ्या अंगावर पाय टाकून झोपायची. फक्त मला हाक मारायची नाही. "आई" नाही, "मावशी" नाही, काहीच नाही. काही हवं असलं की जवळ येऊन पदर ओढायची, किंवा म्हणायची, "ऐकलं का?" अगदी नवऱ्याला बोलावल्यासारखं! आम्ही दोघी एकाच माणसाच्या घरात "ऐकलं का" करत हिंडायचो. बाहेर मी हसायची. आत मात्र लागायचं.

आणि त्या हाकेवर बरंच काही अवलंबून होतं. थोरल्या बाईंना आई नव्हती. त्यांना आणि त्यांच्या धाकट्या भावाला काष्टीच्या आजीने वाढवलं होतं. यांचं दुसरं लग्न ठरलं तेव्हा त्या आजीने यांच्याकडून शब्द घेतला होता — वर्षभर बघा. पोरीने नव्या आईला आई म्हटलं तर ठीक, नाहीतर पोर काष्टीला आमच्याकडे. यांनी शब्द दिला. हे स्वभावाने असे, की कोणी काही मागितलं तर देऊन मोकळे, मग ते छत्री असो की मुलगी.

वर्ष संपत आलं, आणि त्याच थंडीत काष्टीची आजी वारली. पंधरवड्याने दत्तूमामा — थोरल्या बाईंचा धाकटा भाऊ — काष्टीहून रेल्वेने एक पेटारा घेऊन आला. हमालाच्या डोक्यावरून तो उतरवताना बोळातली निम्मी पोरं गोळा झाली.

"आजीनं समदं सरूअक्काच्या नावानं ठिवलं हुतं," तो म्हणाला. "अक्का न्हाई, तर आता हे इंदीचं. पन ह्यात काय हाय, कितीचं हाय, ते आमाला न्हाई कळत. हितं छावनीतले सायेब लोक असल्या जुन्या वस्तू घेत्यात म्हनं. एकदा किंमत तर करून घिऊ."

आजीच्या सासऱ्यांनी कधीकाळी कुठल्याशा सरदाराकडे सोनारकाम केलं होतं, त्याची ती बक्षिसं. मोराची समई, पितळेचा नक्षीदार पानपुडा, बिदरच्या कामाची एक गुडगुडी म्हणजे छोटा हुक्का, चार-दोन वाट्या-पेले. आणि काचेवर काढलेलं एक चित्र — एक बाई पोपट घेऊन बसलेली, रंग काचेच्या पाठीमागून दिलेला, चौकट शिसवी.

दत्तूमामा पाणी प्याला, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि यांच्याकडे बघून हळूच म्हणाला, "आन् दाजी... ते इंदीचं. परवाच्या गाडीनं न्हेतो. आमच्या हिलाबी मूल न्हाई. लई जीव लावंल ती."

हे चौकटीकडे बघत "हूं" म्हणाले. माझ्याकडे कोणी बघितलं नाही. दत्तूमामा वाईट माणूस नव्हता, उगाच तसं वाटायला नको. तो मला उभ्या जन्मात वाकडा शब्द बोलला नाही. पण सावत्र ती सावत्र, हे त्याच्या मनात पक्कं होतं, आणि शब्द तर दिलेलाच होता.

आता माझा पराक्रम ऐका. दुसऱ्या दिवशी हे दोघं बाहेर गेले, आणि मी पेटारा उघडला. समई काळी, पानपुडा हिरवा, गुडगुडी तर तव्याच्या बुडासारखी. मला वाटलं, उद्या पारखी येणार, परका माणूस बघणार, काष्टीचे लोक म्हणतील मास्तरांच्या नव्या बायकोला भांडी घासता येत नाहीत! सोनाराच्या मुलीला काळं दिसलं की हात शिवशिवतात. चिंच भिजवली, राख घेतली, रिठे उकळले, आणि दुपार होईतो सगळं असं लखलखीत केलं की इंदू समईत तोंड बघून वेणी सारखी करायला लागली. गुडगुडीला सगळ्यात जास्त मेहनत पडली. तिचं काळं काही केल्या जाईना. मी पदर खोचून बसले आणि अर्ध्याहून जास्त काढलंच. आत कुठेकुठे चांदी चमकत होती, तेव्हा तर मला आणखीच जोर चढला. चित्र तेवढं वाचलं, कारण हे जाताना बजावून गेले होते, "त्याला हात लावू नकोस." संध्याकाळी येऊन यांनी गुडगुडी बघितली आणि खाली बसले. म्हणाले, "अगं, ते काळं म्हणजेच बिदरीकाम, चांदी त्याच्यावरच उठून दिसते..." मला रडू आलं, पण ते गुडगुडीसाठी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दत्तूमामा पारख्याला घेऊन आला. चांदभाई नावाचे म्हातारे गृहस्थ, कापड बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं जुन्या वस्तूंचं दुकान होतं. छावणीतल्या साहेबांना माल त्यांच्याचकडून जायचा. पांढरी दाढी, डोक्यावर गोल टोपी, अत्तराचा मंद वास. दाराशी जोडे काढताना त्यांनी नेमाने खोकून वर्दी दिली, म्हणजे घरातल्या बायकांनी आत व्हावं. मी आत झालेच. त्या काळी परपुरुषासमोर आम्ही बाहेर येत नसू. काही विचारलं तर दाराआडून उत्तर द्यायचं. तो माणूसही दाराकडे तोंड न करता, जमिनीकडे बघून विचारायचा. सगळ्या घरांत हीच रीत होती, हिंदूंच्या काय अन् मुसलमानांच्या काय.

दत्तूमामाने वस्तू सतरंजीवर मांडल्या. मग म्हणाला, "चाचा, तुमी बघा निवांत. मी दाजींना शाळंतून घिऊन येतो. दुपारची गाडी हाय, आज पोरीलाबी न्ह्यायचंय." आणि गेला.

मी इंदूला घेऊन परसात गेले. गाडीचा प्रवास, कोळशाची धूळ, आणि काष्टीला तिला नाहायला कोण घालणार, कसं घालणार... मला वाटलं एकदा माझ्या हातांनी डोक्यावरून आंघोळ घालावी. तेल रात्रीच थापलं होतं. तिला दगडावर बसवली आणि शिकेकाई चोळायला लागले. हात चोळत होते आणि मनात एकच — हिला "जाऊ नको" म्हणायचा मला काय हक्क? जी मला हाकही मारत नाही तिला कुठल्या नात्याने थांबवू? शिकेकाई डोळ्यांत गेली तशी ती "आई गंऽ" करून ओरडली. आता शिकेकाई डोळ्यांत गेल्यावर कोणीही "आई गं" म्हणतं, त्यात माझं काही नव्हतं. तरी मी तांब्या हातात धरून जरा थांबले.

तेवढ्यात आठवलं — दूध! चुलीवर दूध ठेवून आले होते आणि त्याला चांगलाच वेळ झाला होता. रेशनच्या दिवसांत दूध उतू जाऊ देणं म्हणजे पाप. इंदूला पंच्यात गुंडाळून तशीच उचलली आणि आत धावले. बघते तर पातेलं चुलीवरून उतरवलेलं, बाजूला ठेवलेलं, वर ताटली झाकलेली. दुधावर साय धरायला लागली होती. मला वाटलं, हे आले वाटतं शाळेतून. बरं झालं. मी इंदूचे केस पुसायला बसले.

पण हे त्यानंतर आले. दत्तूमामाच्या मागोमाग, पुढच्या दाराने. मी दाराआड उभी राहून ऐकायला लागले. माझ्या संसाराचा निकाल लागणार होता, कान दिल्याशिवाय राहवतंय कोणाला!

"झाली का किंमत, चाचा?" दत्तूमामाने विचारलं.

"हो, झाली ना," चांदभाई म्हणाले. त्यांचं मराठी असं, अर्धं नगरचं अर्धं दखनी. "समई चांगली आहे. पानपुडा भी. हे गुडगुडीचं काम पुरानं, फार नाजूक, पण घासून टाकलं कोणीतरी. साहेब लोक आता निम्मे पण देणार नाहीत. मी तर पाहताक्षणीच बोललो, या अल्ला, हे कोणी केलं! तर तुमच्या घरच्या मोठ्या बाई आतून बोलल्या, 'घासलं म्हून नावं ठिवू नका हो चाचा. नवी हाय ती घरात. वस्तू चांगली दिसावी म्हून घासलंय, मायेनं.'" ते हसले. "मी म्हटलं, बरं बाई, नाही ठेवत नावं."

दत्तूमामा म्हणाला, "मोठ्या बाई? कोन मोठ्या बाई?"

"ह्या मास्तरांच्या कोणी असतील... भावजय, नाहीतर मोठी बहीण. मला काय माहीत? दाराआडून बोलत होत्या. चांगल्या समजदार बाई आहेत."

आमच्या घरात भावजय नव्हती. यांना बहीणही नव्हती. मला वाटलं चांदभाई काहीतरी घोटाळा करतायत. हे दारापाशी आले, आत माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मी नव्हे.

चांदभाई आपल्याच नादात. त्यांनी चित्र उचलून उजेडात धरलं. "असली चीज ही आहे. ही कमी मिळते. मी विचारलं, बाई, ही तसवीर कोणाची? तर म्हणाल्या, 'ही रुसूबाई हाय. आमच्या आजीची. तिला उनात ठिवू नका, रंग उडतो तिचा.'"

दत्तूमामाचा चेहरा मला फटीतून दिसत होता. तो एकदम उतरला.

"आन् काय म्हनल्या?" त्याने विचारलं. आवाज अगदी खाली गेला होता.

"मी म्हटलं, सगळं ठीक, पण मागे ह्या कोपऱ्यात ओरखडा आहे, रंग निघालाय, किंमत कमी होणार. तर बोलल्या..." चांदभाई आठवत थांबले. "बोलल्या, 'त्यो आमच्या धाकल्यानं काढलाय, खिळ्यानं. मार म्या खाल्ला. आता त्याला कुनी काय बोलू नका, पोर हुतं त्ये.'"

दत्तूमामा भिंतीला धरून खाली बसला. तीस-बत्तीस वर्षांचा, शेतात राबणारा धट्टाकट्टा माणूस, लहान मुलासारखा ओठ काढून रडायला लागला. चांदभाई घाबरले. "काय झालं? मी काही वाईट बोललो का?"

काय झालं होतं ते त्याने मग सांगितलं, यांना सांगितलं, तुटक तुटक. चित्रातली बाई रुसलेली दिसते म्हणून ही दोघं भावंडं तिला लहानपणी रुसूबाई म्हणायची. आजीपुढे नाही हं, आजीला चेष्टा खपायची नाही, दोघांतच. एकदा आजी बाजाराला गेली असताना दत्तूने खिळा घेऊन चित्राच्या मागून पोपट कोरून काढायचा प्रयत्न केला. आजी आल्यावर सरूअक्का पुढे होऊन म्हणाली, मी केलं. पायलीवरचं धान्य सारखं करायच्या फळीने मार खाल्ला तिने. दत्तूने ते कधी कोणाला सांगितलं नाही, आजीला नाही, बायकोला नाही. "लाज वाटायची," तो म्हणाला. "अक्का मेली तवाबी सांगितलं न्हाई."

चांदभाईंच्या आता लक्षात आलं असावं, त्यांनी टोपी सारखी केली आणि हळूच म्हणाले, "मास्तर, खरं सांगतो, मी बोललोय त्यांच्याशी. खोटं बोलायला मला काय मिळणार? बांगड्या वाजल्या त्यांच्या. दाराच्या खाली लुगड्याचा काठ दिसला, हिरवा. मध्येच 'थांबा हां, दूध वर आलंय' म्हणून आत गेल्या आणि परत आल्या."

दूध! मी दाराआडच खाली बसले आणि इंदूला मांडीवर ओढलं. माझ्या अंगावर त्या दिवशी लाल लुगडं होतं. आणि मी तर न्हाणीवर होते, परसदाराला पाठ टेकून. मागून माझ्या अंगावरून नाहीतर पुढून चांदभाईंच्या समोरून गेल्याशिवाय आत कोणी जाऊ शकत नव्हतं.

दत्तूमामाने नाक पुसलं. "चाचा, पोरीचं काय म्हनली का ती?"

"हां, म्हणाल्या ना. मीच विषय काढला. तुम्ही जाताना बोललात पोरीला न्यायचंय म्हणून. मी म्हटलं, बाई, मग ह्या वस्तू आज घेऊन जाऊ का, पोरीच्या नावाने पैसे करून देतो. तर म्हणाल्या, 'किंमत सांगा चाचा, पन न्हेऊ नका. पोरीला कळू द्या तिच्यापाशी काय हाय त्ये.' मी विचारलं, पोर कुठे आहे?"

चांदभाईंनी पहिल्यांदाच मान वर करून दाराकडे बघितलं.

"म्हणाल्या, 'मागं हाय. तिची आई तिला न्हाऊ घालतीय. आईजवळनं पोर कशाला न्ह्यायची?'"

मी दाराआड होते. माझ्या मांडीवर इंदूचं ओलं डोकं होतं. मी तोंडात पदर कोंबला आणि ढसाढसा रडले, सांगायला मला लाज नाही. वर्षभर ज्या शब्दाची वाट बघितली तो माझ्यासाठी उच्चारला होता, आणि कोणी उच्चारला होता बघा! इंदू माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमच्या डोळ्यांत पण शिकेकाई गेली?" मी म्हटलं, "हो गं बाई, गेली."

बाहेर दत्तूमामा उठला. मधल्या दारापाशी आला. त्याला वाटलं असेल आत कोणीतरी आहे, किंवा काय वाटलं देव जाणे. उंबऱ्याला हात लावून तो म्हणाला, "बरं अक्का. तू म्हंतीस तसं." मग कोपऱ्यात इंदूच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, ते त्याने स्वतःच्या हातांनी सोडलं आणि परकर-पोलकी एकेक करून खुंटीवर लावली. पुरुषमाणूस, सगळं उलटंसुलटं टांगलं. दुपारच्या गाडीने तो एकटाच गेला. जाताना दाराआड बघून पहिल्यांदाच म्हणाला, "येतो ताई." त्या दिवाळीपासून दर वर्षी भाऊबीजेला तो माझ्याकडे यायचा, हातपाय चालत होते तोवर.

चांदभाईंनी किंमत सांगितली, वस्तू तशाच ठेवल्या, आणि फी घ्यायला काही केल्या तयार झाले नाहीत. नंतर कधी बाजारात भेटले तर यांना विचारायचे, "मोठ्या बाई बऱ्या आहेत ना?" हे म्हणायचे, "बऱ्या आहेत."

आता तुम्ही विचाराल, याचं एक्स्प्लेनेशन काय? मी सगळं करून बघितलं. शेजारची बाई आत आली असेल म्हणावं, तर त्या दिवशी शेजारच्या घराला कुलूप होतं. दत्तूमामाने येताना वाटेत चांदभाईंना सांगितलं असेल म्हणावं, तर स्वतःच्या विरोधात जाणारी गोष्ट तो कशाला शिकवेल? तो तर पोर न्यायला आला होता. चांदभाई काष्टीला जन्मात गेले नव्हते. मग मला वाटलं, मीच भ्रमात होते का? पण मी तर काही पाहिलंच नाही, ऐकलंच नाही! ना वास आला, ना अंगावर काटा. मी आपली पोरीच्या डोक्यावर पाणी ओतत होते. यांनी याविषयी माझ्याशी कधी चर्चा केली नाही. फक्त त्या दिवशी संध्याकाळी हे स्वयंपाकघरात येऊन त्या दुधाच्या पातेल्यापाशी जरा वेळ बसले होते. तो वेळ त्यांचा आणि थोरल्या बाईंचा होता, मला कळत होतं.

इंदू मला आई म्हणायला लागली ती पुढच्या उन्हाळ्यात. कैरी हवी होती म्हणून. अंगणातून ओरडली, "आईऽ, तिखटमीठ!" एवढ्या साध्या कामासाठी तिने तो शब्द खर्च केला. मी धावत तिखटमीठ घेऊन गेले, आणि मग तिखट जास्त झालं म्हणून भांडलोसुद्धा.

भूत असतं का, आत्मा असतो का, मला नाही सांगता येणार. सोनाराची मुलगी आहे, हातात घेऊन बघितल्याशिवाय माल खरा म्हणत नाही, आणि ही गोष्ट माझ्या हाताला कधी लागलीच नाही. मला रुखरुख आहे ती वेगळीच. स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीपाशी ती बाई आली, माझं दूध राखलं, माझी चूक झाकली, आपली पोर माझ्या ओटीत घातली... आणि दाराआड उभी राहूनच परत गेली. मी चार पावलांवर होते. "या थोरल्या बाई, बसा" एवढंसुद्धा म्हणायला तिथे कोणी नव्हतं.